साडूंची जंग

माझ्या पाहण्यातल्या सगळ्या माणसांत माझे साडू सर्वांत भित्रे आहेत, आणि हे मी नीट विचार करून लिहितो आहे. विंचू, कोर्ट, आजारपण यांना लोक भितात. साडू त्यांना फारसे भीत नाहीत. ते भितात जंगेला. जंग म्हणजे गंज. आमच्या औरादकडं गंज हा शब्द शाळेच्या पुस्तकात राहतो, लोखंडावर चढतो तो जंग. निजामाच्या राज्यातून आलेला शब्द, राज्य गेलं तरी इथंच राहिला. तो जंग की ती जंग, याचा कुणी हट्ट धरत नाही. घरात मराठी, बाजारात कानडी आणि बसमध्ये दखनी बोलणाऱ्या माणसाला व्याकरणाची एवढी चैन परवडत नाही. लढाईलाही आमच्याकडं जंगच म्हणतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं ते या एका शब्दापायी झालं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला दुबलगुंडीला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका शेडमध्ये रंगारी म्हणून काढली. तिथंही मोठे पत्रे रंगवायला दुसरे लोक असत. साडूंकडं यायच्या त्या कड्या, कोयंडे, साखळ्या, आरशाच्या दांड्या, बिजागऱ्या. "मोठा पत्रा कुणीबी रंगवतंय, पाव्हणं," ते मला सांगत, "बारक्या लोखंडाला रंग धरून ऱ्हायला शिकवावं लागतं." काम सुटलं, पण शिकवणं सुटलं नाही. ट्रक मिळेनात म्हणून त्यांनी नातेवाईक धरले. आमच्या दोन्ही घरांत मुठीत मावेल एवढी एकही लोखंडी वस्तू आता मूळच्या रंगात राहिलेली नाही. पट्ट्याची बक्कलं, छत्रीच्या काड्या, चष्म्याच्या दांड्या, सेफ्टी पिना, नेलकटर, सायकलची घंटी, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. रंग अर्थात ट्रकचेच, डब्यांच्या तळाशी उरलेले. माझ्या मेव्हणीच्या आंबाड्यातले आकडे वीसेक वर्षं पोपटी आहेत. एकदा त्यांनी तिच्या पोलक्याच्या हुकांना रंगाचे तीन हात दिले, तेव्हा हुक इतके जाड झाले की लग्नाला निघालेली ती माउली ऐन वेळी हुक अडकेनात म्हणून रडकुंडीला आली. साडू दाराबाहेरून म्हणाले, "ओढून लाव. रंगाला काही होत न्हाई." रंगाला खरोखरच काही झालं नाही. पोलकं फाटलं.

त्यांच्या भीतीला रजा नाही. बसमध्ये ते खिडकीशी बसत नाहीत, कारण गजाला हात लागतो. लग्नात पंगतीला बसण्याआधी खुर्ची उलटी करून तिचे पाय बघतात, आणि यजमानाला वाटतं की पाव्हण्यांचं काहीतरी हरवलं. कुठं खरचटलं की ते धनुर्वाताच्या सुईसाठी दवाखान्यात हजर. तिथल्या नर्सबाई त्यांना पाहताक्षणी ओळखतात. "अण्णा, मागच्या महिन्यातच दिली की सुई. कामून परत आलाव?" असं त्यांनी एकदा विचारलं, तर साडू म्हणाले, "ती मागच्या खिळ्याची होती, बाई." सुई टोचायच्या आधी ती चांगल्या स्टीलची आहे का हेही विचारायला ते विसरले नाहीत. रात्री झोपण्यापूर्वी ते दाराच्या बिजागरीला कान लावतात. मी विचारलं, काय ऐकता? म्हणाले, "जंग खायलाय का ते ऐकतो." मी हसलो. पण त्या रात्री मला लवकर झोप आली नाही, आणि एकदा उठून मीही कान लावला, हे इथं नोंदवून ठेवतो.

त्यांची काम करायची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. वस्तू आधी सोड्याच्या पाण्यात धुवायची, वाळवायची, मग बारीक पाणीपेपरनं घासायची, चकाकी पार मरेपर्यंत. "चकाकीवर रंग बसत न्हाई. चकाकी म्हणजे घसरगुंडी." मग थिनरच्या फडक्यानं पुसायची आणि त्यानंतर तिला बोट लावायचं नाही. बोटाला घाम असतो, घामात मीठ असतं, आणि मीठ हा साडूंच्या लेखी जंगेचा सख्खा भाऊ. वस्तू दोऱ्याला टांगून तिला आधी तांबडा प्रायमर, तोही नावापुरता पातळ. मग रंगाचे पातळ हात, एक सुकल्यावर दुसरा. एक जाड हात मारणाऱ्या माणसाबद्दल ते जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही. शेवटी वरून बिनरंगी लॅकर. आणि खरी परीक्षा पुढं: त्यानंतर आठवडाभर वस्तू वापरायची नाही. बोटाला रंग लागत नाही म्हणून कुणी उचलायला गेलं की ते ओरडतात, "सुकलंय ते. मुरलं न्हाई. लोणच्याला बरं थांबता तुम्ही." तो आठवडा त्यांच्या घरातल्या वळणीवर कपड्यांऐवजी किल्ल्या, कड्या आणि पिना लोंबत असतात, आणि त्यांच्याखालून सगळं घर वाकून चालतं.

एवढं करूनही त्यांचा स्वतःच्या हातावर विश्वास नाही. प्रत्येक कामाच्या वेळी ते एक खिळा घेतात, त्याला त्याच दिवशी, त्याच रंगाचे, तेवढेच हात देतात आणि तो मिठाच्या पाण्याच्या ग्लासात सोडून खिडकीत ठेवतात. या खिळ्याला ते साक्षीदार म्हणतात. खिडकीत असे ओळीनं ग्लास आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी: कोणाची वस्तू, कोणता रंग. नवख्या पाहुण्याला ते सरबत वाटतं. एका जावयानं खरंच घोट घेतला होता; त्याची समजूत काढण्याऐवजी साडू ग्लासात खिळा शाबूत आहे का ते बघत होते. साक्षीदारावर तांबडा ठिपका दिसला की साडू त्या घराकडं निघतात, वस्तू परत घेतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. बोलावलं आहे का, जेवायला घालतील का, असले प्रश्न त्यांना पडत नाहीत.

हे वेड आलं कुठून, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. तरुणपणी एका ट्रकच्या मागच्या फाळक्याची खिट्टी त्यांनी रंगवली होती. घाई होती, मालक उभा होता, म्हणून जंग न घासता वरूनच हात मारला. खिट्टी नवीन दिसायला लागली. नवीन दिसते म्हणून कुणी ती बदलली नाही. काही महिन्यांनी ती आतून तुटली आणि फाळका एका हमालाच्या पायावर पडला. "रंग नसता मारला तर जंग दिसला असता," साडू म्हणाले. "म्या झाकला." मग उठून त्यांनी माझ्या पट्ट्याचं बक्कल नखानं कुरतडून बघितलं आणि विषय बदलला.

आता माझ्या आईबद्दल. आई ऐंशीच्या पुढची आहे. गेल्या काही वर्षांत तिला माणसं आठवत नाहीत. मला ती कधी दादा म्हणते, कधी मास्तर. पण कमरेचा किल्ल्यांचा छल्ला ती विसरत नाही. त्यात विकून टाकलेल्या कपाटाची किल्ली आहे, मोडलेल्या पेटीची आहे, कोठीच्या कुलपाची आहे, आणि ती कोठी आता नाही. त्या छल्ल्याला जंग आला, आईच्या कमरेवर पुरळ उठलं, आणि माझ्या बायकोनं ते बहिणीला फोनवर सांगितलं. दुसऱ्या दिवशी साडू दारात. आईच्या कमरेचा छल्ला मिळवायला त्यांना अर्धा दिवस लागला. शेवटी ते तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, "माय, कुलपं आजारी पडलीत. किल्ल्यांस्नी औषध लावून आणतो." आईनं छल्ला काढून दिला. परत आला तेव्हा तो गर्द निळा होता, एकेक किल्ली वेगळी रंगवलेली, गुळगुळीत, करवंदासारखी तुकतुकीत. पुरळ गेलं. आई खूश, बायको खूश. मी साडूंना म्हणालो, कामाला तोड नाही. एक गोष्ट मात्र आम्हा कुणाच्याच ध्यानात आली नाही, आणि ती ध्यानात यायला हवी होती, निदान माझ्या.

तुरी डोक्याबरोबर झाल्या होत्या, त्या दिवसांतली ही सकाळ. टीव्हीवर तेव्हा उठल्यासुटल्या लढाईच्या गोष्टी चालत. नकाशे, बाण, आणि ओरडणारी माणसं. मी आडत दुकानात हिशेब लिहायला गेलो होतो. बायको स्वयंपाकघरात होती. तिच्या फोनवर साडूंचा निरोप आला, बोलून पाठवलेला, आणि हात पिठाचे म्हणून तिनं तो मोठ्या आवाजात लावला. तो निरोप मी नंतर इतक्यांदा ऐकला की पाठ झाला आहे. "जंग सुरू झाली बघ. वरून दिसत न्हाई, आतून आलीय. म्या पहिल्या बसनं यायलोय. मायला सांगा, कमरेचं सगळं काढून फडक्यात बांधून ठिव म्हणावं. तोवर कुणी कशाला हात लावू नका." खिडकीतल्या, छल्ल्याच्या साक्षीदारावर ठिपका दिसला होता, एवढंच. बायको हसली, "आले आमचे दाजी," म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

आई माजघरात बसलेली होती. लहान असताना, निजामाच्या शेवटच्या वर्षी, तिनं हाच शब्द ऐकला होता. रात्री कुणीतरी दार वाजवून म्हणालं होतं की जंग आली, आणि घरच्यांनी तिच्या डोक्यावर एक गाठोडं देऊन तिला बाहेर काढलं होतं. किती दिवस कुठं लपले हे तिनं कधी सांगितलं नाही. एवढंच सांगायची की तोंडावर हात धरून बसलो, आणि कुणी नावानं हाक मारली तरी ओ द्यायची नाही असं बजावलं होतं, कारण हाक मारणारा कोण ते काय ठाऊक.

बायकोनं भाकरी उतरवली आणि आईला जेवायला बोलवायला गेली. माजघर रिकामं. परसात नाही, न्हाणीत नाही, शेजारी नाही. तिची उशाखालची लुगड्याची घडी नव्हती. मला बायकोचा फोन आला. "मला आवाजच आला न्हाई हो," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा माझ्या डोक्यात पडला प्रकाश. गेली कित्येक वर्षं आम्ही आईवर लक्ष ठेवत नव्हतो. आम्ही छल्ला ऐकत होतो. ती उठली की किल्ल्या खुळखुळायच्या, उंबऱ्याकडं निघाली की जास्त, आणि स्वयंपाकघरातून कुणीतरी म्हणायचं, आई कुठं निघालीस? हे इतकं सवयीचं झालं होतं की आपण ऐकतो आहोत हेही कळत नव्हतं. साडूंनी एकेका किल्लीला इतके हात दिले होते की त्या एकमेकींवर आपटल्या तरी लाकडासारख्या गप्प राहत. आई बायकोच्या पाठीमागून गेली असेल, आणि तिला काही ऐकू आलं नाही.

मी आकड्यांतला माणूस. भीती वाटली की हिशेब करतो, आणि त्या दिवशी हिशेबानंच मला जास्त घाबरवलं. बाई म्हातारी, चालणं हळू, निघून तासभर झाला असेल. म्हणजे घराभोवती एवढं एक वर्तुळ. त्यात दोन विहिरी, एक तलाव आणि उदगीरकडं जाणारा रस्ता, ज्यावरून उसाच्या गाड्या धावतात. मी जितका वेळ विचार करत उभा होतो तितकं ते वर्तुळ वाढत होतं. विहिरींत वाकून पाहिलं. पहिल्या विहिरीत पाणी काळं होतं आणि त्यात माझंच डोकं दिसलं. दुसऱ्या विहिरीत वाकायला माझ्यानं होईना. शेजारच्या माणसानं वाकून पाहिलं आणि मान हलवली, तेव्हा ती मान आडवी हलली की उभी, हे समजायलाही मला वेळ लागला.

नाक्यावर भाजी घेऊन बसणारी एक बाई म्हणाली, "डोक्यावर गठुडं घेतलेली म्हातारी व्हय? गेली की तिकडं, तुरीकडं. म्या इचारलं, अक्का, कुठं जायलाव? तर तोंडावर बोट ठिवलं." आम्ही पळालो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला तूर, वाऱ्यानं हलणारी, आणि एकदा माणूस आत शिरलं की दोन हातांवर दिसू नये अशी दाट. मी हाका मारल्या. बायकोनं मारल्या. चार माणसं चार दिशांनी ओरडायला लागली. आई, ओ आई. तुरीतून काही उत्तर आलं नाही. आम्ही जितकं ओरडत होतो तितकी ती जास्त दबून बसत असणार, हे आमच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात साडू आले. स्टँडवर उतरल्या उतरल्या त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. पिशवीत पाणीपेपर, थिनर आणि तो ठिपक्याचा खिळा तसाच. मी त्यांच्यावर तुटून पडलो. "काय निरोप पाठवलाव तुम्ही, अण्णा? जंग सुरू झाली म्हणून? ह्या दिवसांत? तिच्या कानावर?"  मी कधी पाहिलं नव्हतं इतकं त्यांचं तोंड उतरलं. एकदा तुरीकडं पाहिलं, एकदा आमच्या ओरडणाऱ्या माणसांकडं. मग म्हणाले, "सगळ्यांस्नी गप करा."

सगळे गप्प झाले. साडू बांधावर गेले. त्यांनी हाक मारली नाही, नाव घेतलं नाही. पाणी प्यायला बोलवावं अशा साध्या आवाजात ते तुरीला म्हणाले, "जंग संपली, माय. सगळे निघून गेले. आता कुणी न्हाई. घरला जायचंय." थोडं थांबले. पुन्हा तेच म्हणाले, त्याच आवाजात. भ्यालेल्या माणसाला हाक मारून उपयोग नसतो, भीती गेली असं कुणीतरी सांगावं लागतं, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही. ज्याला जन्मभर कुणी तसं सांगितलं नव्हतं त्याला सुचलं. तिसऱ्यांदाही तेच म्हणाले. मग आमच्या अगदी जवळ, मी ज्या जागी उभा राहून सर्वांत मोठ्यानं ओरडलो होतो तिथून चार हातांवर, तूर हलली. आई उठून उभी राहिली. डोक्यावर गाठोडं, तोंडावर हात. हात काढून तिनं साडूंना विचारलं, "खरंच संपली?"

"व्हय," साडू म्हणाले. "म्या बघून आलोय."

दुपारी आई झोपली. साडू ओट्यावर बसले, छल्ला मागून घेतला आणि त्यांनी किल्ल्यांचा रंग खरवडायला सुरुवात केली. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. पण रंग निघेना. पाणीपेपर झिजले, थिनर संपला, माझी सुरी बोथट झाली, आणि किल्ल्या तशाच निळ्या. इतका टिकाऊ हात माणसानं जन्मात एकदाच द्यावा. मधेच ते थांबून कौतुकानं बघत, मग लाज वाटल्यासारखे पुन्हा घासत. जिथं थोडा रंग सुटला तिथं खाली जंगेचा टिपूसही नव्हता. साक्षीदार खोटं बोलला होता. बायकोनं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "दाजी, पुन्हा जंग आला तर?" ते म्हणाले, "येऊ दे. आला तर पुसायला येतो." तिनं माझ्याकडं पाहिलं. या माणसाच्या तोंडून येऊ दे हे शब्द आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

शेवटी विटेच्या तुकड्यावर घासून घासून, उन्हं उतरली तेव्हा किल्ल्या उघड्या झाल्या, कुठं कुठं निळे डाग राहिलेले. साडूंनी छल्ला कानाशी नेऊन हलवला. आतून आईचा आवाज आला, "कोण आहे रे?" आणि ती उठून बाहेर आली. छल्ला कमरेला खोचून दोन पावलं टाकून तिनं ऐकलं. साडूंच्या काळ्या हातांकडं बघून तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, "कल्हईवाला व्हय? मजुरी किती झाली?" मी सांगायला तोंड उघडलं, की अगं हे कोण, तर साडूंनी मला हातानं थांबवलं. "द्या की माय, तुमच्या मनाला येईल ते."

तिनं पदराची गाठ दातांनी सोडवली. आत एक पाच रुपयांचं नाणं होतं. जंगेच्या वाटेवर लागेल म्हणून बांधलेलं असावं. ते तिनं साडूंच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची मूठ आपल्या हातानं मिटून दिली, लहान मुलाची मिटावी तशी. साडूंनी ती मूठ कपाळाला लावली. मग, मजुरी मिळाल्यावर जे म्हणायचं असतं तेच म्हणाले.

"पोचले, माय."